वीस टक्क्यांतले हातात किती पडतात?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही दोघं चार दिवस पॅरिस आणि तीन दिवस रोम असे फिरणार आहोत. परतीचं विमान रोमहून आहे. नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी पॅरिसच्या एखाद्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधून ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावं, असं मनात आहे. ९०० युरोंपर्यंत खर्चाची तयारी आहे. तिकडे जाऊन आलेली मैत्रीण म्हणते, वीस टक्के कर विमानतळावर परत मिळतो. हे खरं का? घड्याळ अस्सल आहे हे कसं ओळखायचं? आणि त्याला पत्ता लागू न देता हे जमेल का? मला घड्याळातलं काही कळत नाही.

उत्तर : ताई, आधी त्या वीस टक्क्यांचा हिशेब करू, कारण बहुतेकांचा बेत तिथेच चुकतो. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के आहे हे खरं. पण तो मूळ किमतीवर लागतो आणि दुकानातल्या पट्टीवर कर धरूनची किंमत असते. ९०० युरोंच्या घड्याळात मूळ किंमत ७५० आणि कर १५०. म्हणजे पट्टीवरच्या आकड्याच्या १६.६७ टक्के. तेही पूर्ण मिळत नाहीत. परताव्याचं काम पाहणारी कंपनी आणि दुकान आपापला वाटा कापून घेतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती साधारण १२ टक्के येतात. ९०० वर १०८ युरो धरा. आता कार्डाकडे बघा. परदेशी चलनातल्या खर्चावर तुमची बँक साडेतीन टक्के आकारत असेल, तर साडेएकतीस युरो तिकडे गेले. उरले साडेशहात्तर, म्हणजे साडेआठ टक्के.

म्हणून निघण्यापूर्वी एक काम करा. आवडलेल्या मॉडेलचा पूर्ण रेफरन्स नंबर लिहून घ्या आणि तेच घड्याळ घराजवळच्या अधिकृत विक्रेत्याकडे कितीला मिळतं ते विचारा. नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाखाली तबकडीचा रंग, पट्टा आणि आतलं यंत्र बदललं की किंमत बदलते. घरी परतताना कस्टम्सची करमुक्त मर्यादा ओलांडली जात असेल तर तिथली ड्यूटीही बेरजेत धरा. ही मर्यादा आणि दर अधूनमधून बदलतात, तेव्हा प्रवासाच्या आठवड्यात आपल्या कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. एवढं करून फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला, तर आमचं स्पष्ट मत आहे की स्वस्त मिळतंय म्हणून पॅरिसहून घेऊ नका. प्रवासाची आठवण म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पन्नाशीच्या भेटीसाठी तेही कारण पुरेसं आहे.

अस्सलपणाची काळजी मोठ्या दुकानात फारशी करू नका. गालरी लाफायेत, प्रँताँ, बाँ मार्शे अशा ठिकाणी घड्याळांचा विभाग ब्रँडनिहाय काउंटरांचा असतो आणि पुष्कळदा काउंटरवरची माणसंही त्या ब्रँडचीच असतात. तिथे नकली माल मिळण्याची भीती नगण्य. गफलत होते ती कागदांत. (रस्त्यावर विकायला येणारी नामांकित घड्याळं मात्र हातातही घेऊ नका. नकली वस्तू जवळ बाळगणं हा फ्रान्समध्ये कस्टम्सचा गुन्हा आहे. माल जप्त होतो आणि पर्यटकालाही दंड बसतो.)

तबकडीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' असेल तर यंत्र स्विस असतं, जुळणी आणि शेवटची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये झालेली असते आणि २०१७ पासूनच्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असावा लागतो. 'स्विस मूव्हमेंट' असं लिहिलं असेल तर फक्त आतलं यंत्र स्विस आहे, बाकीचं कुठलंही असू शकतं. आणि फॅशन ब्रँडच्या तबकडीवर 'पॅरिस' लिहिलेलं असलं म्हणून ते घड्याळ पॅरिसमध्ये बनलं असं होत नाही. त्या काउंटरांवर कपड्यांच्या नावाचे पैसे मोजावे लागतात, आत बॅटरीवर चालणारं साधं क्वार्ट्झ असतं. तुमच्या नऊशेंत टिसॉ, हॅमिल्टन, सर्टिना, सेको यांची चांगली ऑटोमॅटिक्स, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरली जाणारी बिनबॅटरीची घड्याळं, बसतात. खास फ्रेंच काही हवं असेल तर बझाँसाँचं लिप किंवा मोर्तोचं येमा बघा. त्या ज्युरा डोंगरपट्ट्यातल्या घड्याळकारागिरीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं आहे. फक्त या दोघांची दुरुस्ती तुमच्या गावाजवळ कुठे होते, ते आधी शोधा. ऑटोमॅटिक घड्याळ पाच-सात वर्षांनी उघडून साफ करून तेल घालावं लागतं. हा खर्च कुणी खरेदीच्या वेळी धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद : वॉरंटी कार्ड. फ्रान्समध्ये विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर हमी बंधनकारक आहे, पण ती त्या दुकानाकडेच मागायची असते. घरी बसून तिचा तुम्हाला उपयोग नाही. तुम्हाला हवी कंपनीची आंतरराष्ट्रीय वॉरंटी. 'ही हमी फ्रान्सबाहेर चालते का आणि किती वर्षं' एवढं विचारा आणि उत्तर कार्डावर छापलेलं दाखवायला सांगा. कार्डावर चार गोष्टी हव्यात : रेफरन्स नंबर, सीरियल नंबर, विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का. हल्ली काही कंपन्या कार्डाऐवजी ऑनलाइन नोंद करतात. तसं असेल तर नोंद झाल्याचं काउंटरवरच पडद्यावर बघा. सीरियल नंबर घड्याळाच्या मागच्या झाकणावर किंवा कडेला कोरलेला असतो. तो बारीक असतो, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून कार्डाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. तारीख किंवा शिक्का राहिला की पुढे सर्व्हिस सेंटर हात वर करतं, आणि तो शिक्का घेण्यासाठी कुणी पॅरिसला परत जात नाही.

काचेच्या कपाटातला नमुना घेऊ नका, बंद खोक्यातला नग मागा. नमुन्यावर दिवसाकाठी कितीतरी हात पडतात, चावी (कडेचं फिरवायचं बटण) वारंवार ओढली जाते, कडांवर बारीक ओरखडे असतात. तोच एक नग शिल्लक असेल तर किंमत कमी करून मागायला संकोच नको.

नग हातात आला की घाई न करता उजेडात धरा. काचेखाली धूळ किंवा केस आहे का? तबकडीवरच्या खुणा आणि कडेच्या कड्यावरच्या खुणा एका रेषेत आहेत का? मग चावी पहिल्या टप्प्यावर ओढून तारीख फिरवा, दुसऱ्या टप्प्यावर ओढून काटे फिरवा. बाराला तास आणि मिनिटकाटा बरोबर एकावर एक यायला हवेत. मध्यरात्र ओलांडताना तारीख अर्धवट अडकून राहू नये. चावी आट्याची असेल तर एक युक्ती शिकून घ्या : आत दाबून आधी किंचित उलटी फिरवा, बारीक 'टक्' जाणवलं की मग सुलटी घट्ट करा. थेट सुलटी पिळली तर आटे वाकडे बसतात आणि पाणी शिरायला वाट होते. पाण्याचंच निघालं म्हणून सांगतो, '३० मीटर' याचा अर्थ हात धुताना उडणारे थेंब सोसेल एवढाच. पोहायचं असेल तर १०० मीटर बघा.

मापाचं काय करायचं, हा तुमच्या गुप्त बेतातला खरा अवघड भाग. तो झोपलेला असताना मनगटाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करता आली तर उत्तम. नाहीतर त्याचं रोजचं घड्याळ उलटं ठेवून तीन मापं मोजपट्टीने घ्या : पट्टा बंद असताना आतला घेर, तबकडीच्या चौकटीचा व्यास, आणि वरच्या शिंगांच्या (चौकटीची पट्टा धरणारी टोकं) टोकापासून खालच्या शिंगांच्या टोकापर्यंतची लांबी. लोक व्यासाचाच विचार करतात, पण घड्याळ हातावर बसतं की लटकतं ते या तिसऱ्या मापावर ठरतं. १७ सेंटिमीटरच्या मनगटावर ही लांबी ४८ मिलिमीटरच्या पुढे गेली की शिंगं बाहेर डोकावू लागतात. ४२ मिलिमीटरचं एक घड्याळ नीट बसतं आणि त्याच व्यासाचं दुसरं बसत नाही, ते यामुळे.

स्टीलचा पट्टा असेल तर कड्या काढून घेण्याचं काम दुकानातच करून घ्या. ते बहुधा फुकट असतं. कड्या दोन्ही बाजूंनी काढायला सांगा, नाहीतर पट्ट्याची पकड मनगटाच्या मधोमध न येता एका कडेला सरकते. माप अंदाजाचं आहे, तेव्हा किंचित सैल ठेवा. पकडीवर बारीक छिद्रं असतील तर मधल्या छिद्रावर बसवून घ्या, म्हणजे पुढे दोन्हीकडे सरकवायला जागा राहते. काढलेल्या सगळ्या कड्या आणि पिना मोजून पुडीत घ्या. काही पट्ट्यांत पिनेबरोबर तांदळाच्या कणीपेक्षा लहान नळी असते. ती हरवली की पिन धरत नाही आणि घड्याळ हातातून निसटतं. उरलेल्या कड्यांशिवाय घरी पट्टा वाढवता येणार नाही, आणि जुन्या मॉडेलच्या सुट्या कड्या मिळवणं फार कटकटीचं असतं. एवढी धाकधूक नको असेल तर चामड्याच्या पट्ट्याचं घ्या. छिद्रं आयती असतात आणि माप चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

किमतीबद्दल दोन गोष्टी. काही दुकानं परदेशी पाहुण्यांना सवलतीचं कूपन देतात, पण घड्याळांचे बरेच ब्रँड त्यातून वगळलेले असतात. 'या काउंटरला चालतं का' हे आधी विचारा. खोडलेली किंमत दिसली तर हे ध्यानात ठेवा : २०२२ पासून युरोपीय संघात, सूट जाहीर करताना मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमतच जुनी किंमत म्हणून दाखवावी लागते. त्यामुळे दुकानातला खोडलेला आकडा बराचसा विश्वासाचा. सरकारी वेळापत्रकातले मोठे सेल जानेवारीच्या दुसऱ्या आणि जूनच्या शेवटच्या बुधवारच्या सुमारास सुरू होतात. चांगली घड्याळं त्यांत क्वचितच असतात, म्हणून त्यासाठी तारखा बदलू नका.

पैसे देताना मशीन विचारेल, युरोत की तुमच्या चलनात? युरो निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर मशीनमागची कंपनी ठरवते आणि तो बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. कधीकधी विक्रेतीच न विचारता बटण दाबते. पावतीवर युरोशिवाय दुसरं चलन दिसलं तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करायला सांगा.

आता कराचा परतावा, फ्रेंचमध्ये 'देताक्स'. तुम्ही युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या आणि सहा महिन्यांहून कमी मुक्काम असलेल्या हव्यात, आणि खरेदी १०० युरोंहून जास्त हवी. मूळ पासपोर्ट न्या. मोबाइलमधला फोटो पुष्कळ ठिकाणी चालत नाही. फॉर्म ज्या पासपोर्टवर निघतो त्याच व्यक्तीने पुढे कस्टम्ससमोर उभं राहायचं असतं, म्हणून तो तुमच्याच नावाने काढा. मोठ्या दुकानांत हा काउंटर वेगळ्या मजल्यावर असतो आणि दुपारनंतर रांग लांबते. सकाळी जा.

तिथे विचारतील, परतावा रोख हवा की कार्डावर? तुम्ही कार्ड सांगा. रोख लगेच मिळते खरी, पण हमी म्हणून तुमच्या कार्डाचा नंबर घेतात आणि शिक्क्याचा फॉर्म ठरल्या मुदतीत त्यांच्याकडे पोचला नाही तर ती रक्कम कार्डातून वळती होते, वर दंडही लागू शकतो. तुमचा फॉर्म रोमहून टपालाने जाणार आहे, त्यामुळे हा धोका घेऊ नका.

हो, रोमहून. फॉर्मवर शिक्का युरोपीय संघ सोडताना, शेवटच्या विमानतळावर मिळतो. पॅरिसच्या विमानतळावर 'पाब्लो' नावाची यंत्रं दिसतील. बारकोड धरला की पडदा हिरवा होतो आणि काम झालं. ती सोय फ्रान्समधून थेट संघाबाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पॅरिसहून रोमला जाताना अजून संघातच आहात, म्हणून ते यंत्र वापरू नका. रोमच्या विमानतळावर 'दोगाना' अशी पाटी शोधा, म्हणजे इटलीचं कस्टम्स. फ्रेंच फॉर्म तिथल्या यंत्रावर चालेल असं धरून बसू नका, खिडकीवर अधिकाऱ्याकडून प्रत्यक्ष शिक्का मारून घ्या. तुमचं विमान रोमहून निघून संघातल्याच दुसऱ्या शहरात बदलणार असेल, तर हातातल्या सामानासाठी शिक्का त्या दुसऱ्या विमानतळावर घ्यायचा. मध्ये वेळ किती आहे ते बघून ठेवा.

अधिकारी घड्याळ दाखवा म्हणू शकतो. म्हणून ते बॅगेत टाकून चेक-इन करू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा. (हरवण्याच्या दृष्टीनेही तेच बरं.) काच आणि पकडीवरची पातळ फिल्म काढू नका. वस्तू वापरलेली दिसली तर शिक्का नाकारला जाऊ शकतो. मोठं लाकडी किंवा पुठ्ठ्याचं खोकं मोठ्या बॅगेत गेलं तरी चालेल, घड्याळासाठी दुकानातून मऊ प्रवासी पाकीट मागून घ्या. शिक्का मारलेल्या फॉर्मचा फोटो काढा, मग दुकानाने दिलेल्या पाकिटात घालून विमानतळावरच्या टपालपेटीत टाका किंवा त्या कंपनीचा काउंटर तिथे असेल तर हाती द्या. खरेदीचा महिना संपल्यावर पुढचे तीन महिने, एवढी मुदत असते. पण शिक्का न घेता विमानात बसलात तर नंतर तो मिळवणं अतिशय कठीण.

इथेच तुमचं गुपित फुटण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. दोघं मिळून रांगेत उभे राहिलात तर खिडकीवर घड्याळ बाहेर काढावं लागेल. विमानाच्या चार तास आधी पोचा आणि त्याला सामानाच्या रांगेत उभं करून 'आलेच' म्हणून जा. ते जमण्यासारखं नसेल तर परताव्याचे १०८ युरो सोडायचे की त्याला आधीच सांगायचं, हे तुम्ही ठरवा. आम्ही सांगून टाकलं असतं. घरी परतल्यावर ड्यूटी लागत असेल तर ती मात्र त्याच्यासमोर लपवायला जाऊ नका. कस्टम्सला वस्तू जाहीर करण्यासाठी असलेल्या लाल मार्गाने जा आणि मूळ पावती दाखवा. न सांगितलेलं घड्याळ सापडलं तर दंडासकट सगळा फायदा जातो आणि भेट अडकून पडते.

खरेदी कोणत्या दिवशी? पॅरिसला पोचल्या दिवशी फक्त बघा, हातात घेऊन बघा, निर्णय घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. त्या रात्री चावी २५-३० वेळा फिरवून घड्याळ सुरू करा, मोबाइलच्या सेकंदांशी जुळवा आणि खोक्यातच ठेवा. चोवीस तासांत ते १०-१५ सेकंद पुढे-मागे झालं तर या किमतीत ठीक आहे. प्रमाणित क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाची, मर्यादा सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद असते, पण साध्या ऑटोमॅटिककडून तेवढी अपेक्षा नको. काही मिनिटं पुढे गेलं तर बहुधा केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली गेली आहे. पर्सचं चुंबकी बटण आणि मोबाइलच्या चुंबकी कव्हरला टेकून ठेवणं ही त्याची नेहमीची कारणं. विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राने असं होत नाही. काउंटरवर चुंबक उतरवायचं उपकरण असलं तर ते काही सेकंदांत काढून देतात. घड्याळ थांबत असेल तर बदलून मागा. तुमच्या हातात अजून दोन दिवस असतील. एक ध्यानात ठेवा, दुकानात जाऊन घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत करण्याचा हक्क फ्रेंच कायदा देत नाही. चौदा दिवसांची सवलत ऑनलाइन खरेदीला असते. दुकान स्वतःहून परत घेत असेल तर अट पावतीवर छापलेली असते, आणि परत करताना देताक्सचा फॉर्मही रद्द करून घ्यावा लागतो.

वाढदिवसापर्यंत घड्याळ खोक्यात बंद पडलेलं असेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. यंत्रानुसार ते ४० ते ८० तास चालतं आणि मग थांबतं. आदल्या रात्री बाहेर काढून चावी तीसेक वेळा फिरवा. तारीख लावण्यापूर्वी काटे पुढे फिरवून तारीख कधी पलटते ते बघा, म्हणजे ती मध्यरात्र कळेल. तिथून आणखी पुढे सकाळच्या सहावर काटे आणा आणि तेव्हाच तारीख बदला. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि त्या वेळी चावीने तारीख ढकलली तर दात तुटू शकतो. तारीख बसली की काटे पुढे नेत खऱ्या वेळेवर आणा. रात्रीची वेळ लावायची असेल तर वाटेत दुपारचे बारा यायलाच हवेत.